सानरिझुका ते उराकावा : जपानी डर्बीच्या विजेत्यांच्या मागावर दहा दिवस

जपानी डर्बीचं तिकडचं नाव 'तोक्यो युशुन'. सुरुवात १९३२ साली, अंतर २४०० मीटर, घोडे तीन वर्षांचे, आणि आयुष्यात संधी एकदाच. आपल्या महालक्ष्मीवरची इंडियन डर्बीही २४०० मीटरचीच, त्यामुळे मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सवर वावरलेल्या माणसाला ही शर्यत परकी वाटत नाही. महालक्ष्मीला घोडे उजवीकडे वळतात, तोक्योला डावीकडे, एवढं डोळ्यांना सवयीचं व्हायला दोन शर्यती पुरतात. विजेत्यांची यादी कुठेही वाचायला मिळते. पण ते घोडे जन्मले कुठे, पळाले कुठे आणि पुरले कुठे, हे एका ओळीत पाहायचं असेल तर प्रवास नारिता विमानतळाच्या कुंपणापासून सुरू करून होक्काइदोच्या दक्षिण किनाऱ्यावर संपवावा लागतो.

प्रवास ऑक्टोबरच्या मध्यात केला. स्टॅलियनांचा, म्हणजे पैदाशीच्या नरांचा, मोसम फेब्रुवारी ते जुलैच्या सुरुवातीपर्यंत चालतो, त्या काळात बहुतेक स्टड फार्म पाहुणे घेत नाहीत. नोव्हेंबरनंतर बर्फ पडतं. त्यामुळे ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर हाच काळ सोयीचा. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची: परदेशातून आलेल्या माणसाला जपानमध्ये उतरल्यापासून एक आठवडा जनावरांच्या फार्मवर शक्यतो जाऊ देत नाहीत, कारण जनावरांच्या साथीची भीती. म्हणून आधी तोक्यो, मग होक्काइदो हाच क्रम ठेवावा. उलटा क्रम लावलेले लोक फार्मच्या फाटकावरून परत फिरतात.

दिवस १, शुक्रवार : सानरिझुका

नारिताला उतरल्यावर सगळे तोक्योच्या गाडीकडे धावतात. आम्ही सामान लॉकरमध्ये टाकलं आणि टॅक्सीने सानरिझुका गाठलं. अंतर दहा-पंधरा मिनिटांचं. आज जिथे धावपट्टी आहे त्या बाजूला एके काळी शिमोफुसा नावाचं शाही घराण्याचं पशुपैदास केंद्र होतं. विमानतळासाठी जमीन गेली आणि १९६९ मध्ये केंद्र तोचिगी प्रांतातल्या ताकानेझावाला हललं. उरलेल्या तुकड्यावर आता एक बाग आणि छोटं स्मारक-संग्रहालय आहे.

पहिल्या डर्बीचा विजेता वाकाताका इथला. १९४३ ची विजेती कुरिफुजी ही घोडीही इथलीच. दोघांचा बाप एकच, टुर्नसोल. १९२२ मध्ये इंग्लंडात जन्मलेला हा घोडा शिमोफुसाने विकत आणला आणि त्याच्या पोटी सहा डर्बी विजेते निघाले : वाकाताका, तोकुमासा, हिसातोमो, कुमोहाता, इएर्यू आणि कुरिफुजी. पहिल्या बारा डर्ब्यांपैकी सहा, म्हणजे निम्म्या, एकाच बापाच्या मुलांनी मारल्या.

पाऊस रिमझिम होता. मारोनिएच्या झाडांखाली फळं फुटून पडली होती आणि बागेत झाडलोट करणारे एक आजोबा ती खराट्याने एका कडेला लोटत होते. डर्बीसाठी आलोय म्हटल्यावर त्यांनी खराटा झाडाला टेकवला, आकाशाकडे बोट केलं, तेवढ्यात वरून विमान गेलं, आणि मग तेच बोट जमिनीकडे वळवलं. घोडे इथे होते, असं त्यांना म्हणायचं होतं. शब्दांची गरज पडली नाही.

कुरिफुजीची गोष्ट इथे उभं राहून आठवायलाच हवी. ११ शर्यती, ११ विजय. डर्बीत तिची सुरुवात उशिरा झाली, तरी ती सहा लेंग्थने, म्हणजे सहा घोड्यांच्या लांबीइतक्या अंतराने, जिंकली. तिचा जॉकी माएदा चोकिची तेव्हा अवघा २० वर्षांचा होता, आणि डर्बी जिंकणारा सर्वांत लहान जॉकी म्हणून आजही त्याचंच नाव आहे. पुढे तो सैन्यात गेला, सायबेरियात युद्धकैदी झाला आणि १९४६ मध्ये तिथेच वारला. त्याच्या अस्थी डीएनए तपासणीने ओळखून २००६ मध्ये घरी आणल्या गेल्या. घोडी आणि जॉकी दोघं मिळून अपराजित राहिले आणि डर्बीनंतर तीन वर्षांत हे असं झालं.

*सोय :* संग्रहालय लहान आहे, तासभर पुरतो. परतीची टॅक्सी तिथे सहज मिळत नाही. आणणाऱ्यालाच वेळ सांगून ठेवावी किंवा नारिताकडे जाणाऱ्या बसची वेळ आधी बघून घ्यावी.

दिवस २, शनिवार : मेगुरो आणि फुचू

पहिल्या दोन डर्ब्या तोक्योच्या मेगुरो भागात झाल्या, १९३२ आणि १९३३ मध्ये. रेसकोर्स १९३३ मध्येच फुचूला गेला आणि मेगुरोला घरं उभी राहिली. पण मेगुरो स्टेशनवरून बस पकडली की 'मोतो-केइबाजो-माए' नावाचा थांबा लागतो. अर्थ, 'जुन्या रेसकोर्ससमोर'. नव्वद वर्षं झाली, रेसकोर्स नाही, थांब्याचं नाव आहे.

थांब्याजवळ पदपथावरच टुर्नसोलचा ब्राँझचा पुतळा आहे. आजूबाजूला दुकानं, सायकली, शाळेची पोरं. तो पाहून लगेच परत फिरू नका. मागच्या गल्ल्यांत शिरा. सगळे रस्ते काटकोनात आहेत आणि मधेच एक गल्ली सलग, एकसारखी वळत जाते. तिच्या दोन्ही बाजूंची घरंही वळणाला धरून बांधलेली. हीच जुन्या ट्रॅकची बाहेरची कड. त्या गल्लीतून चालताना पुढचं घर कधीच समोर येत नाही, सतत जरासं डावी-उजवीकडे सरकत राहतं. घोड्यावरून वळण घेताना जॉकीला रेलिंग असंच दिसत असणार.

नाव मात्र शर्यतीतही टिकून आहे. मेगुरो किनेन ही २५०० मीटरची हँडिकॅप (घोड्याच्या ताकदीप्रमाणे पाठीवरचं वजन ठरवलेली) शर्यत दर वर्षी फुचूला डर्बीच्याच दिवशी, डर्बी झाल्यावर पळवतात. डर्बी बघून गर्दी चुकवायला लवकर निघणारे लोक ती नेमकी सोडतात. सोडू नये.

दुपारी शिंजुकूहून केइओ लाइनने फुचू. हिगाशी-फुचूला गाडी बदलली की एकाच स्टेशनाचा फाटा थेट रेसकोर्सच्या दाराशी नेतो. त्याआधी गावातली झेल्कोव्हाची जुनी झाडांची रांग पाहिली. तिच्या दोन्ही बाजूंना पूर्वी घोडे फिरवायची पट्टी होती, म्हणून रांगेच्या नावातच 'बाबा' म्हणजे घोड्यांचं मैदान आहे. टोकाला ओकुनितामा देवस्थान. तिथल्या मे महिन्याच्या जत्रेत आजही रात्री रस्त्यावर घोडे दौडवतात. डर्बी या गावात उपरी नाही, घोडा आधीपासून होता.

रेसकोर्सच्या आवारात घोडदौडीचं संग्रहालय आहे. सन्मानप्राप्त घोड्यांच्या दालनात डर्बी विजेते गटाने भेटतात : सेंट लाइट, शिनझान, मिस्टर सी.बी., सिम्बोली रुडॉल्फ, नारिता ब्रायन, डीप इम्पॅक्ट, ऑर्फेव्र, काँट्रेल. हे आठ घोडे म्हणजे जपानचे तिहेरी मुकुट मिळवणारे : सात्सुकी शो २००० मीटर, डर्बी २४००, किक्का शो ३०००. एप्रिल ते ऑक्टोबरच्या दरम्यान तीन अंतरं, तीन तऱ्हा. वेगवान घोडा पहिली मारतो, दमदार तिसरी. दोन्ही गुण असलेला घोडाच मधली मारून तिन्ही नेतो, आणि म्हणून आजवर असे आठच झाले.

दिवस ३, रविवार : शर्यतीचा दिवस

साध्या शर्यतीच्या दिवशी प्रवेश २०० येन. डर्बीच्या दिवसाचं मात्र वेगळं : प्रवेशाची तिकिटं आगाऊ ऑनलाइनच विकतात, दारात मिळत नाहीत. १९९० च्या डर्बीला १,९६,५१७ माणसं आत होती. ऐनेस फूजिन सुरुवातीपासून पुढे राहून २ मिनिटं २५.३ सेकंदांत जिंकला आणि सगळ्या स्टँडने जॉकी नाकानोच्या नावाचा गजर केला. जिंकणाऱ्याचं नाव घेऊन ओरडायची तिथली रीत त्या दिवसापासून रुजली.

पॅडॉकजवळ, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवून दाखवतात त्या जागेजवळ, तोकिनो मिनोरुचा पुतळा आहे. लोक त्याच्यापाशी भेटायची वेळ ठरवतात. १९५१ चा विजेता, १० पैकी १० शर्यती जिंकलेला. डर्बीनंतर १७ दिवसांनी धनुर्वाताने मेला. फेब्रुवारीतल्या क्योदो त्सूशिन हाई शर्यतीला आजही त्याच्या नावाची जोड आहे.

आता ट्रॅक. सकाळी लवकर गेलात तर स्टँडच्या वरच्या मजल्यावरून सगळा फेरा एका नजरेत बसतो. टर्फचा, म्हणजे हिरवळीचा, फेरा २०८३ मीटर. २४०० मीटरची शर्यत स्टँडसमोरच सुरू होते आणि पहिलं वळण सुमारे ३५० मीटरवर येतं. म्हणजे बाहेरच्या नंबरचा घोडा पहिल्या वळणाआधी आत घुसू शकला नाही तर चारही वळणं लांबून घेतो. २०१९ मध्ये रॉजर बारोझ पैज लावणाऱ्यांची बारावी पसंती असताना जिंकला, त्याचा गेट नंबर १ होता. २००९ चा लॉजी युनिव्हर्स, तोही नंबर १. उलट २०१८ मध्ये वॅग्नेरियन १७ नंबरवरून जिंकला, तेव्हा फुकुनागा युइचीने त्याला सुरुवातीलाच नेटाने पुढे आणून चौथ्या-पाचव्या जागी बसवलं होतं. बाहेरचा नंबर मारक असतो. पण पहिल्या ३५० मीटरमध्ये धाडस केलं तर सुटतो.

शेवटचा सरळ पट्टा ५२५.९ मीटरचा. त्यात साधारण ४६० ते ३०० मीटर शिल्लक असताना दोन मीटरचा चढ. नवख्याला स्टँडवरून तो चढ दिसतच नाही, सपाट वाटतो. रेलिंगपाशी खाली उभं राहून बघा. वळणावरून सुटलेले घोडे चढावर आले की टापांचा आवाज जड होतो आणि जो घोडा वळणावरच सोडला होता तो इथे आखडतो. चढ संपल्यावर ३०० मीटर उरतात. डर्बी तिथे जिंकली जाते.

तिसऱ्या वळणाआतलं मोठं झाड दुर्बिणीतून जरूर पाहा. सगळे त्याला 'मोठी केयाकी', म्हणजे मोठा झेल्कोव्हा, म्हणतात, प्रत्यक्षात झाड एनोकी जातीचं. घोडे त्याच्या आड गेले की क्षणभर दिसेनासे होतात आणि लाखाचा जमाव गप्प होतो. त्या दिवशीच्या साध्या शर्यतीतही तो क्षण जाणवला.

खाण्याची चिंता नको. मोत्सुनी म्हणजे आतड्यांचा मिसो घालून शिजवलेला रस्सा, वर कांद्याची पात. थंडीत त्याच्यापुढे रांग असते. शाकाहारी माणसाने उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) किंवा कोंबू (समुद्री शेवाळ) घातलेले ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, स्टेशनवरूनच घेऊन यावेत. आत पर्याय कमी आणि बहुतेक रश्शांत माशाचा अर्क असतो.

*सोय :* पैज १०० येनपासून लागते, वय २० पूर्ण हवं. आठवण म्हणून 'ओएन बाकेन' घ्या. एकाच घोड्यावर विन (पहिला येईल) आणि प्लेस (पहिल्या काही जागांत येईल) दोन्ही लावलेलं ते तिकीट, त्यावर 'गानबारे!' असं छापून येतं. जिंकलं तर पैसे मिळतील, पण तिकीट मशीन गिळतं. ठेवायचं असेल तर आधी फोटो काढा.

दिवस ४ ते ७ : तोक्यो, मग फेरी

सोमवार आणि मंगळवार एक आठवड्याचा नियम भरून काढण्यात गेले, घोड्यांच्या दृष्टीने सांगण्यासारखं काही नाही. बुधवारी ओआराई बंदरावरून तोमाकोमाईची फेरी पकडली. संध्याकाळी सुटते, दुसऱ्या दिवशी दुपारी पोचते. विमान दीड तासात नेतं, तरी फेरीचं भाडं आणि एका रात्रीचं हॉटेल यांचा हिशेब केला तर फार फरक पडत नाही. समुद्र खवळलेला असला तर मात्र रात्र अवघड जाते. आमची बरी गेली.

फेरीवर वेळच वेळ असतो, म्हणून विजेत्यांची यादी नीट लावून घेतली. काही गोष्टी अशा ओळीने वाचल्यावरच दिसतात.

डर्बी जिंकलेल्या घोड्या तीनच : १९३७ ची हिसातोमो, १९४३ ची कुरिफुजी आणि २००७ ची वोडका. मधे ६४ वर्षं कोरडी. घोडीला पाठीवरच्या वजनात दोन किलो सूट मिळते, कोल्ट म्हणजे नर ५७ किलो तर फिली म्हणजे मादी ५५. तरीही बहुतेक मालक तिला एक आठवडा आधीच्या ओक्सला पळवतात, कारण तिथे सामना फक्त घोड्यांचा, म्हणजे माद्यांचा. वोडकाला डर्बीत उतरवलं तो निर्णयच धाडसाचा होता, आणि ती तीन लेंग्थने जिंकली.

१९४४ च्या ओळीत काइसो हे नाव आहे. युद्धामुळे ती शर्यत प्रेक्षकांविना, पैजेविना, क्षमता-चाचणी म्हणून पळवली. त्यानंतरच्या गोंधळात काइसोचं काय झालं याचा पत्ता लागला नाही. पुढची दोन वर्षं डर्बीच नाही. बरोबर ७६ वर्षांनी, २०२० मध्ये, काँट्रेल पुन्हा रिकाम्या स्टँडपुढे जिंकला, या वेळी कोविडमुळे.

वेळा बघा : वाकाताकाने २ मिनिटं ४५ सेकंदांच्या वर घेतली होती. किंग कामेहामेहाने २००४ मध्ये २ मिनिटं २३.३ चा विक्रम केला, दुसऱ्याच वर्षी डीप इम्पॅक्टने नेमकी तेवढीच वेळ दिली, आणि २०२२ मध्ये डू ड्यूसने २ मिनिटं २१.९ केली. पण २००९ ला लॉजी युनिव्हर्स २ मिनिटं ३३.७ मध्ये जिंकला. तो काही हळू घोडा नव्हता, ट्रॅक चिखलाने भरला होता. वेळेवरून दोन विजेत्यांची तुलना करणाऱ्याने आधी त्या दिवसाची जमीन विचारावी.

ताके युताका हे नाव सहा वेळा येतं : १९९८, १९९९, २००२, २००५, २०१३, २०२२. लॉजी युनिव्हर्सचा जॉकी योकोयामा नोरिहिरो २०१४ आणि २०२४ मध्येही जिंकला. २०२४ चा डॅनन डिसाइल सात्सुकी शोच्या वेळी गेटपर्यंत गेला होता, तिथे पाय बरोबर पडत नाही हे योकोयामाला जाणवलं आणि घोडा मागे घेतला. सहा आठवड्यांनी तोच घोडा डर्बी जिंकला. ५६ वर्षांच्या जॉकीचं हे मोठेपण शर्यत जिंकण्याइतकंच न पळण्यात होतं.

तोमाकोमाईला उतरलो तर वारा कापत होता. इथे होक्की नावाचा शिंपला देशात सर्वांत जास्त उतरतो. शिजला की त्याची जीभ गुलाबी होते. बंदराजवळ होक्की घातलेली करी आणि भात खाल्ला. कोकणातल्या तिसऱ्यांपेक्षा मांस जाड आणि गोडसर.

दिवस ८, शुक्रवार : हिदाका आणि नीकाप्पू

पुढे गाडी हवीच. मुकावा ते सामानी रेल्वे २०२१ मध्ये कायमची बंद झाली. साप्पोरोहून उराकावाला बस आहे, पण तिने गाव गाठता येतं, फार्म नाही. आपल्या आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना जपानमध्ये चालतो. मूळ परवाना आणि पासपोर्ट दोन्ही जवळ ठेवावेत. गाडी डावीकडूनच चालवायची असल्याने आपल्याला जड जात नाही. तोमाकोमाईपासूनचा हिदाका महामार्ग टोलमुक्त आहे, आत्सुगाला उतरून पुढे समुद्रकाठचा २३५ नंबरचा रस्ता. सूर्य पाचच्या आत मावळतो आणि अंधारात हरणं रस्त्यावर येतात. साडेचारनंतर गाडी मुक्कामाकडे वळवावी.

हिदाका गावातल्या व्हर्साय रिसॉर्ट फार्ममध्ये २००२ चा विजेता तानिनो गिमलेट पाहायला मिळाला. आगाऊ नोंदणी लागते. गडद कुमैत रंग, वयामुळे पाठ जराशी खोलावलेली, पण मागचा पाय अजून तसाच चालतो : हा घोडा कुंपणाच्या फळ्या लाथेने फोडण्यासाठी प्रसिद्ध आहे. आम्ही उभे होतो तिथल्या कुंपणात तीन फळ्या नव्या, पिवळ्या, बाकी सगळ्या पावसाने करड्या झालेल्या. फार्मवरच्या मुलीने हाताने लाथेची नक्कल करून दाखवली. नव्या फळ्या कालच्या की परवाच्या, एवढंच ती सांगायची राहिली होती.

वोडका याचीच मुलगी. गिमलेट हे जिनचं मिश्रण, मुलगी त्याहून तेज व्हावी म्हणून मालकाने वोडका ठेवलं, आणि घराण्याचं 'तानिनो' मुद्दाम गाळलं. बाप आणि मुलगी दोघांनी डर्बी मारल्याची जपानमधली ही पहिली जोडी. बाप-मुलगा जोड्या बऱ्याच : काबुतोयामा आणि मात्सुमिदोरी, रुडॉल्फ आणि तोकाई तेइओ, निओ युनिव्हर्स आणि लॉजी युनिव्हर्स.

नीकाप्पूत शिरलं की आठेक किलोमीटरचा 'थरोब्रेड गिंझा' लागतो, दोन्ही बाजूंना फक्त फार्म. वर एक वाहनतळ आहे, तिथून सगळी दरी दिसते. दूध तुटलेली शिंगरं टोळीने उभी होती, वाऱ्याकडे शेपटी करून. या रस्त्याच्या पुढे युशुन मेमोरियल पार्कमध्ये ओगुरी कॅप या लोकांच्या लाडक्या घोड्याचा पुतळा. त्याने डर्बी कधी जिंकली नाही, कारण त्याला पळूच दिलं नाही. तो प्रांतिक घोडदौडीतून आला होता आणि क्लासिक शर्यतींची (डर्बी त्यातलीच) नावनोंदणी वेळेत झाली नव्हती. ही नोंदणी तीन टप्प्यांत होते : १०,०००, ३०,००० आणि ३,६०,००० येन. त्याच्यानंतर १९९२ पासून २० लाख येन भरून ऐनवेळी नाव घालायची सोय झाली. एका घोड्यासाठी लोक इतके हळहळले की नियम बदलला.

गावातल्या महामार्ग-थांब्यावर आणखी एक पुतळा, हायसेइकोचा. तोही डर्बी न जिंकलेला. १९७३ मध्ये विन तिकिटांपैकी ६६.६ टक्के एकट्या त्याच्यावर होती, तो तिसरा आला आणि नववी पसंती असलेला ताके होप जिंकला. तो टक्का २००५ पर्यंत कुणाला गाठता आला नाही, तेव्हा डीप इम्पॅक्टने ७३.४ केला आणि जिंकूनही दाखवलं. पण हायसेइकोचा मुलगा कात्सुरानो हायसेइको १९७९ ची डर्बी नाकभर फरकाने जिंकला. बापाचं राहिलेलं मुलाने फेडलं, असं इथे सगळे मानतात.

*सोय :* फार्म बघण्याआधी शिझुनाईतल्या 'घोड्यांच्या मूळगावाचं माहिती केंद्र' इथे विचारा : कुठला घोडा कुठे, कुठल्या वेळी दाखवतात, कुठला आता दाखवत नाहीत. फार्मवर थेट फोन करू नये. फाटकावर आधी माणसाला सांगा, बूट जंतुनाशकात बुडवा. घोड्याला हात लावायचा नाही, गाजर-साखर द्यायची नाही, फ्लॅश नाही, छत्री उघडायची नाही. छत्री फटकन उघडली की घोडा उधळतो आणि कोट्यवधी येनचा पाय कुंपणात अडकतो. घोड्यांच्या लिलावाच्या आठवड्यात शिझुनाईत खोली मिळत नाही, तारखा आधी बघा.

दिवस ९ आणि १० : शिझुनाई, मित्सुइशी, उराकावा

शिझुनाईचा वीस-केन रस्ता (केन हे लांबीचं जुनं जपानी माप) हा सुमारे सात किलोमीटरचा चेरीच्या झाडांचा सरळ पट्टा. ऑक्टोबरमध्ये पानं तांबडी होती आणि माणूस एकही नव्हता. फुलांच्या दिवसांत मे महिन्यात इथे गाड्यांची रांग लागते. आम्हाला हाच मोसम आवडला.

मित्सुइशी ओलांडताना एका वळणावर थांबलो. तोकिनो मिनोरु या गावचा. किनाऱ्यावर काळ्या खड्यांच्या अंगणात कोंबूच्या लांब पट्ट्या वाळत होत्या. एक आजी आणि तिची सून वाकून प्रत्येक पट्टी हाताने सरळ करत होत्या, कारण सुरकुती पडली की भाव उतरतो. खडे का, माती का नाही, विचारलं. मातीचे कण चिकटतात आणि ओल वर येते, खड्यांतून वारा खेळतो. आजीने तुटलेला एक तुकडा चघळायला दिला. खारट, मग हळूहळू गोड.

उराकावात मुक्काम युशुन व्हिलेज आएरू इथे. १९९३ चा विजेता विनिंग टिकेट शेवटची वर्षं इथे होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये ३३ वर्षांचा होऊन गेला. त्याच्यावर शिबाता मासातो बसला होता, डर्बीचा त्याचा एकोणिसावा प्रयत्न. जेवणघरात काम करणाऱ्या बाई सांगत होत्या की थंडीत सुद्धा लोक त्याला बघायला यायचे आणि तो त्यांच्याकडे पाठ करून गवत खायचा.

शेवटचा थांबा तानिकावा स्टडमधला शिनझान. १९६४ चा डर्बी विजेता, युद्धानंतरचा पहिला तिहेरी मुकुटवाला. १९ शर्यती, १५ विजय, ४ वेळा दुसरा, त्याखाली कधीच नाही. १९९६ मध्ये ३५ वर्षं ओलांडून मेला. पुतळा आणि थडगं दोन्ही इथे आहेत. त्याचा मुलगा मिहो शिनझान १९८५ ला सात्सुकी शो जिंकला, पण हाड मोडल्याने डर्बीला उतरू शकला नाही. शिनझानच्या पोटी डर्बी विजेता निघाला नाही.

त्याच्या नालांबद्दल इथे आल्यावर विचारावंच. शिनझानचे मागचे पाय इतके जोरात पुढे यायचे की मागच्या खुराचं टोक पुढच्या खुराच्या तळव्यावर आदळायचं आणि जखम व्हायची. म्हणून नालबंदाने मागच्या नालांना पुढून चपलेसारखी टोपी बसवली आणि पुढच्या नालांना मधून आडवी लोखंडी पट्टी जोडली, मागचा खूर आदळलाच तर पट्टीवर आदळावा म्हणून. नाल नेहमीच्या दुपटीहून जड झाला. सरावात घोडा मंद दिसायचा आणि लोक त्याला कमी लेखायचे. शर्यतीच्या दिवशी ते काढून हलके नाल ठोकले की पायावरचं ओझं उतरायचं.

फार्मवरच्या म्हाताऱ्या मोतद्दाराने हाताच्या दोन तळव्यांनी हे करून दाखवलं. डावा तळवा पुढचा खूर, उजव्याची बोटं मागचा. ठक, ठक. मग डाव्या तळव्यावर उजव्या हाताचं एक बोट आडवं ठेवलं आणि म्हणाला, इथे. समोर पुतळ्याच्या पायाशी कुणीतरी गवताची जुडी ठेवली होती, अजून हिरवी.